दीडशे कलदार

२०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या नळदुर्गकडच्या भागात घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधत होती. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा माणूस एकाएकी मोलाचा झाला होता. ज्यांना पणजोबाचं नाव कधी लागलं नव्हतं, ते खापरपणजोबाचं नाव विचारत म्हाताऱ्यांच्या बाजेशी येऊन बसत होते. आम्हीही त्यातलेच.

आमच्या पत्र्याच्या पेटीत तीन कागद निघाले. एक खासरा पत्रकाची नक्कल, घड्यांवर फाटत आलेली. दुसरा उर्दूतला, वर आसफजाही स्टँप असलेला. आणि या दोन्हींच्या खाली, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली, तळहाताएवढी छापील पावती. तिच्याकडं त्या दिवशी कुणी बघितलंही नाही. जातीचा पुरावा म्हणून तिचा काही उपयोग नव्हता.

उर्दूतला कागद मी नळदुर्गला एका निवृत्त मास्तरांकडं घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा मनात वाचला, मग बोट ठेवून मोठ्यानं वाचला. कब्जेगहाणाचा दस्त होता. बोरी नदीच्या अंगाचं आमचं चार एकराचं शेत १७५ रुपयांना गहाण. महिना बहमन, सन १३२८ फसली. फसलीत ५९० मिळवायचे, मास्तर म्हणाले, म्हणजे १९१८ चा डिसेंबर धरा. लिहून देणार म्हणून अंगठा होता तो माझ्या पणजीचा, पण नाव पणजोबांचं, अलीकडं नुसतं ‘बेवा’, म्हणजे विधवा. मागच्या बाजूला वेगळ्या शाईत शेरा होता : १३५२ फसली, दीडशे रुपये पोहोचले, गहाण सुटलं, कब्जा परत दिला.

कब्जेगहाणात व्याज नसतं. पीक सावकार खातो, मुद्दल जशीच्या तशी उभी राहते. मग पावणेदोनशेचे दीडशे कसे झाले? सावकारानं विधवेच्या लेकराला पंचवीस रुपये सोडले असावेत, असं मी धरून चाललो. मला ते आवडलंही. पंधरा-वीस दिवस मी ही गोष्ट गावात ज्याला त्याला सांगितली.

वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासाठी घरातलं सगळ्यात वडील माणूस लागत होतं, म्हणून मी सोलापूरला आत्याकडं गेलो. आत्या वडिलांची थोरली बहीण, १९३७ ची. सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्वभागात गेलं. तिला मी कागद दाखवला आणि सावकाराची कौतुकाची गोष्ट सांगितली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी अजून शाळेतच आहे.

“सावकार कवा सूट देतो का रं? एकशे पंच्याहत्तर हाली हुते. दीडशे कलदार दिले. एकच की ते!”

हा हिशोब तिला कुणी शिकवला नव्हता. तो तिच्या लहानपणी बाजारातच होता. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चालायचा, सोलापूर इंग्रजांचं, तिथं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. गिरणीत मिळालेला रुपया हद्द ओलांडून गावी आला की सहाचे सात व्हायचे. आमच्या शेताचा सातबारा आज माझ्या नावावर आहे, त्याच्या मुळाशी हे सहाचे सात आहेत. ते मला पन्नाशीत कळलं.

त्या दिवसापासून मी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं आणि आत्याकडं दर महिन्याला जायला लागलो.

१९१८ साली पाऊस गेला आणि त्याच्याच पाठोपाठ मानमोडीची साथ आली. आत्या तिला अजून ‘मानमोडी’च म्हणते. इन्फ्लूएंझा हा शब्द आमच्या घरात आलाच नाही. पणजोबा आठ दिवसांत गेले. पणजीच्या पदरात तीन लेकरं, थोरले माझे आजोबा, दहा-अकरा वर्षांचे. शेत गहाण टाकून तिनं धाकट्या दोघांना जगवलं आणि थोरल्याला मामाच्या हाती सोपवून सोलापूरला धाडलं. नळदुर्गहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर. मामा-भाचे दोन दिवस चालले. वाटेत भाकरी संपली तेव्हा मामानं धडप्यातली मूठभर शेंगदाण्याची चटणी पोराच्या हातावर ठेवली आणि पाणी पी म्हणाला. आजोबांच्या तोंडून ही गोष्ट आत्यानं इतक्यांदा ऐकलेली, की सांगताना ती स्वतःचाच तळहात पुढं करते.

तेव्हा गिरण्यांना येऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. रेल्वे १८६० ची. मोरारजी गोकुळदासांच्या कंपनीची, जिला पुढं सगळं सोलापूर ‘जुनी गिरणी’ म्हणायला लागलं, ती सुरू झाली १८७७ साली. तेव्हा दख्खनमध्ये मोठा दुष्काळ चालू होता. कापूस या मुलखाचा, पोटाला नसलेली माणसंही या मुलखाची, आणि न्यायला आगगाडी तयार. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. इथल्या गिरण्यांतली बरीच यंत्रं लँकेशायरहून यायची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव तर हिंदुस्थानभर चात्यांच्या लोखंडावर कोरलेलं असे. मला त्यात एक गोष्ट लागते. ओल्डहॅम-मँचेस्टरच्या गिरण्यांतल्या मजुरांची नातवंडंही आज चर्चच्या वह्या धुंडाळून आपल्या आज्या-पणज्या शोधतात. आमच्याकडं चर्चची वही नाही. आमच्याकडं आत्या आहे.

आजोबांना त्रासन खात्यात बाबिना उचलायला घेतलं. ते बेकायदा नव्हतं. १९२२ साली कायदा बदलेपर्यंत नऊ वर्षांचं मूलही गिरणीत अर्धा दिवस कामाला लावता येत होतं. पहिल्या दिवशी आवाजानं त्यांचे कान इतके बधिर झाले, की संध्याकाळी मामाचे नुसते ओठ हलताना दिसले. ते रडले. मामानं समजूत काढली नाही, कारण मामालाही काही ऐकू येत नव्हतं. पुढं ते साच्यावर गेले, पण आयुष्यभर घरात चढ्या आवाजात बोलत राहिले. मला लहानपणी वाटायचं, आजोबा रागीट आहेत.

आजी सोलापूरला आली ती लग्नानंतर, १९२९ ला, पंधरा वर्षांची. तीही वाइंडिंग खात्यात लागली. शेजारी तेलुगू पद्मशाली, पलीकडं कानडी, मागच्या आळीत मोमीन विणकर. आजी पुढं अशा चार भाषांत भांडायची आणि एकाच भाषेत रडायची. आत्या अजूनही पोह्याचे पापड मोजते ते ‘ओकटी, रेंडू, मूडू’ करत. गावी आल्यावर आम्ही पोरं तिला हसायचो.

१९३० ची हकिगत आत्याच्या जन्माआधीची, पण ती आजीच्या शब्दांत सांगते. ५ मेला गांधीजींना धरलं आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, माणसं मेली. मग दोन-चार दिवस शहरात सरकार म्हणून दिसेनाच. १२ मेच्या रात्री लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. सोजीर घरात शिरायचे. कुणाच्या डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी धास्ती. गिरण्या थंड, मजुरी बंद. आजी पहिलटकरीण होती, सातवा महिना. आजोबांनी एका रात्री तिला घेतलं आणि तुळजापूर वेशीच्या अंगानं, मुख्य रस्ता टाळून, रानातनं निजामाच्या हद्दीत आले. आले म्हणजे परत आपल्या गावी आले, पणजीच्या झोपडीत. शेत सावकाराकडं, म्हणून दोघंही दुसऱ्याच्या रानात राबले. आत्या सांगते : “आई म्हणायची, निजामाच्या राज्यात कुणी आमाला विचारलं न्हाई टोपी कुठली घातली. तितनं हितं सुटलो.” ते पहिलं मूल जगलं नाही. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं ते कुठल्याच कागदात नाही.

पुढच्या जानेवारीत, संक्रांतीला दोन दिवस असताना, १२ तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे ते दिवस. आजोबा तोवर कामावर परतले होते. कुर्बान हुसेन यांचं भाषण त्यांनी ऐकलं होतं. ‘बारीक अंगाचं पोरगं, पण मजुराशी मजुरासारखं बोलायचं’, एवढंच ते सांगत. त्या वर्षी ते यात्रेला गेले नाहीत. पुढं कधी गेले ते आत्याला बोटाला धरून, आणि चार पुतळ्यांच्या चौकातून जाताना म्हातारपणीसुद्धा पायातल्या वहाणा काढायचे.

१९३० ला सोलापुरातनं निजामाकडं पळावं लागलं, आणि अठरा वर्षांनी त्याच वाटेनं उलटं. ही एकच हद्द, मधे काय तर एक करोडगिरीचा नाका, आणि तिच्या या बाजूला की त्या बाजूला जीव वाचेल ते दर खेपेला नवं ठरायचं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणं मी शाळेपासून ऐकली, सोलापूरच्या मार्शल लॉची सोलापूरकरांनी ऐकली. पण या दोन गोष्टी एकाच घरात झाल्या, हे मला कुठल्या भाषणातून कळलं नसतं.

करोडगिरीच्या नाक्याची आठवण मात्र आत्या हसत सांगते. सोलापूरचं कापड निजामाच्या हद्दीत न्यायचं तर जकात पडायची. दिवाळीला गावी निघताना आजी तीन लुगडी एकावर एक नेसायची, आत्याच्या अंगात दोन परकर. नाकेदार एकदा म्हणाला, बाई, सोलापूरचं अन्न मानवलंय. आजी म्हणाली, गिरणीत बसून काम हाय, दादा. गावात पोचल्यावर चुलत्यांच्या घरी दाराआड उभी राहून ती एकेक लुगडं उतरवायची आणि बायका झेलायच्या. परत येताना ओझं ज्वारीचं. आणि नाक्यापाशी आजी कुणालाही एक विचारायची : देव आत्ता कुठं हाय? अणदूरचा खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असतो आणि उरलेला नळदुर्गला, मैलारपुरात. दोन्ही गावचे मानकरी करार करून मूर्ती नेतात-आणतात. आजी म्हणायची, त्यालाबी दोन घरं, आपल्यालाबी दोन.

आता ते दीडशे. दुसरं महायुद्ध लागलं आणि कापडाला मागणी आली. गिरण्या रात्रंदिवस चालायला लागल्या, महागाई भत्ता मिळायला लागला. आजोबांनी खाडा म्हणून केला नाही. पण आत्याचं म्हणणं असं, की गहाण सोडवण्याच्या पैशाची पहिली पुंजी आजीची होती, आणि तीही आत्याच्या जन्माची. मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला होता. १९३७ ला आत्याच्या वेळी आजीनं तो भत्ता उचलला आणि खर्चला नाही. एका पितळी डब्यात टाकून, वर शेंगाची टरफलं भरून, कोनाड्यात ठेवला. आत्याला ही गोष्ट सांगताना जो अभिमान होतो तसा मी क्वचित बघितला आहे.

“मी बोलाय लागायच्या आदी माझी कमाई घरात हुती,” ती म्हणाली. “तुझ्या शेतात माझा वाटा हाय. मागत न्हाई. पर हाय.”

तिला तो कधी मिळाला नाही. हक्कसोडपत्रावर तिनं सही केली तेव्हा मी तिथंच उभा होतो, आणि सगळ्या घरात तशी रीत आहे म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं.

१९४३ च्या सुमारास आजोबा कमरेला दीडशे कलदार बांधून गावी गेले. सावकारानं प्रत्येक रुपया दगडावर वाजवून बघितला. पणजी उंबऱ्यात बसून तो आवाज मोजत होती. चोवीस वर्षांनी शेत परत आलं, आणि शेत कसायला धाकटा भाऊ राहिला. आजोबा चौथ्या दिवशी पाळीला हजर.

१९४७-४८ ला रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं हद्दीकडं सरकली. सोलापूर-बार्शीकडं माणसांची रीघ लागली. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सतरा माणसं होती, त्यात पणजीही. पाळ्या लावून झोपायचे, गिरणीतल्यासारखं. गणपती बसलेले होते, आणि १३ सप्टेंबरला पहाटे लष्कराच्या गाड्या हैदराबादच्या रस्त्यानं निघाल्या. आत्या अकरा वर्षांची. तिला आठवतं ते रणगाड्यांनी थरथरणारं रांजणातलं पाणी. त्याच दिवशी फौज नळदुर्गला पोचली, बोरीवरचा पूल उडवायच्या आत हाती आला. १७ ला निजामानं शरणागती दिली. माझे वडील त्याच आठवड्यात त्याच खोलीत जन्मले.

इथं बहुतेक घरांतल्या गोष्टी थांबतात. आत्याची थांबत नाही. गावाकडची माणसं परत गेली, पणजी मागं राहिली, आणि पंधरा दिवसांनी आजोबा एका पिंजाऱ्याचं कुटुंब घेऊन आले. आमच्याच गावचे, आमच्या गाद्या पिंजणारे. नवरा-बायको, म्हातारी आणि तीन लेकरं. पोलीस ॲक्शननंतर जिल्ह्यात जे झालं ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. आम्ही जिल्ह्याचं नाव बदललं, आता तो धाराशिव आहे, पण तो अहवाल आमच्या गावात मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. पिंजाऱ्याचं कुटुंब दोन महिने राहिलं. त्यांच्या म्हातारीला आणि माझ्या पणजीला एकच घोंगडं होतं. मग ते हैदराबादकडं गेले, परत आले नाहीत. आत्या त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव घेते तेव्हा खिडकीबाहेर बघते.

आजोबांची छाती पुढं कापसाच्या धुळीनं भरली. खोकला गिरणीच्या पाळीसारखा यायचा, पहाटे आणि संध्याकाळी. मी त्यांना पाहिलं ते गावात, लिंबाखाली, बसूनच झोपलेले. नव्वदच्या दशकात एकेक करत बऱ्याच गिरण्या शांत झाल्या. शहर यंत्रमागावर, चादरी-टॉवेलांवर राहिलं. आत्याच्या मुलांचे पैसे अडकले ते अडकलेच. तो विषय ती काढत नाही, मीही वाढवत नाही.

यंदा पौषात आत्या गावी आली होती आणि हेळवी आला. आमच्या सीमेकडच्या भागात हेळवी अजून येतात. कानडीत ‘हेळु’ म्हणजे सांग. बैलावर बसून गावोगाव फिरत कुळी सांगणारे हे लोक. आता बैल नाही, मोटारसायकल आहे, पण वही तशीच, लाल कापडात. सुगीनंतर येतो, वाड्यात बसतो, पिढ्या म्हणून दाखवतो, नवी जन्मलेली नावं लिहून घेतो, धान्य-कापड घेऊन जातो. त्यानं अकरा पिढ्या एका दमात म्हटल्या. सगळे बाप आणि लेक. आजोबांच्या नावाशी आला तेव्हा त्याच्या आजानं लिहिलेला शेरा त्यानं तसाच वाचला : ‘मुलूख सोडला.’

आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली.

“सोडला न्हाई,” ती म्हणाली. “सोडवला.”

हेळव्याला कळेना. मी आतून उर्दू कागद आणला, मागचा शेरा दाखवून त्याचा अर्थ सांगितला, हाली-कलदारही सांगितलं. त्याला त्याची फार गंमत वाटली नाही. त्याला मुलांची नावं हवी होती. पण म्हातारीचा शब्द म्हणून त्यानं ‘ड’ आणि ‘ला’च्या मधे वरच्या बाजूला बारीकसा ‘व’ घातला.

मग आत्यानं मला ती पावती आणायला लावली, लुगड्याच्या धडप्यातली. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला तेव्हा पहिल्याच यादीत कापडगिरण्या होत्या. ही पावती त्याच्यातली, तीन-चार वर्षांनंतरची. त्यावर आजीचं नाव आहे, आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पणजीसारखं ‘बेवा’ नाही, अमक्याची बायको नाही. खात्याचं नाव, बिल्ला नंबर, वर्षाची जमा.

हेळवी म्हणाला, “आई, आमच्यात बायकांची नावं लिवत न्हाईत.”

“तू तांदूळ किती घेऊन चाललास?” आत्यानं विचारलं.

तो हसला. त्यानं वही मांडीवर घेतली आणि पावतीतलं नाव बघून लिहायला लागला. बिल्ला नंबरचे आकडे पुसट झाले होते, त्याला लागेनात, म्हणून तो पावती उन्हाकडं धरायला उठला. आत्यानं बसल्या जागेवरून, डोळे मिटून, पाचही आकडे सांगितले.